लाकडी बैठक, काच आणि दोन कॅमेरे

बांधलेल्या पुस्तकाची प्रत काढताना खरी अडचण येते ती बांधणीची. सुटा कागद काचेवर पालथा घालून त्याचे अंकीय चित्र घेणारा सपाट स्कॅनर विसाव्या शतकाच्या अखेरीस कचेऱ्याकचेऱ्यांत पोहोचला होता. परंतु त्याच यंत्रावर पुस्तक ठेवायचे म्हटले की ते पूर्ण सपाट उघडावे लागते, कण्यावर दाब द्यावा लागतो, आतल्या समासाजवळची अक्षरे सावलीत जाऊन वाकतात आणि दर दोन पानांमागे पुस्तक उचलून, पान उलटून पुन्हा पालथे घालावे लागते. यावर व्यवसायात दोनच उपाय रूढ होते. कणा कापून पाने सुटी करायची आणि ती यंत्रात भराभर सोडायची हा पहिला, आणि हजारो डॉलर किमतीचे, खास पुस्तकांसाठी घडवलेले यंत्र विकत घ्यायचे हा दुसरा. पहिल्यात पुस्तक जाते आणि दुसऱ्यात पैसा. २००९ पासून रूढ झालेला तिसरा उपाय म्हणजे लाकूड, काच, दिवा आणि दोन साधे कॅमेरे यांपासून हाताने बनवलेला घरगुती ग्रंथस्कॅनर होय. त्यातला एकही सुटा भाग त्या वर्षी नवा नव्हता. कोणत्या पुस्तकाची प्रत व्हावी हे ठरवण्याचा अधिकार मात्र त्याने प्रथमच पुस्तक ज्याच्या हाती आहे त्याच्याकडे आणला, आणि म्हणूनच त्याचा इतिहास तंत्राइतकाच ग्रंथव्यवहाराचाही इतिहास ठरतो.

या यंत्राची पूर्वपीठिका संगणकाच्या आधीची आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत ‘रेक्टिग्राफ’ आणि ‘फोटोस्टॅट’ ही यंत्रे निघाली. त्यांच्यात फिल्मऐवजी थेट प्रकाशसंवेदी कागदाची गुंडाळी असे आणि भिंगापुढे लोलक बसवून अक्षरे उलटी होण्याचे टाळले जाई; पहिली प्रत काळ्यावर पांढरी निघे, तरी वाचता येई. मोठ्या ग्रंथालयांनी ही यंत्रे घेतली, पण ती खोलीभर जागा अडवणारी आणि स्वतंत्र कर्मचारी मागणारी होती. पुढे १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्यामुळे ३५ मिलिमीटरची फिल्म संशोधकाच्या झोळीत मावू लागली, आणि उभ्या खांबावर कॅमेरा खाली तोंड करून बसवायचा, खाली ग्रंथ ठेवायचा व एकेका पानाचे चित्र घ्यायचे ही पद्धत विद्वानांच्या अंगवळणी पडली. सूक्ष्मचित्रण, म्हणजे पान फिल्मवर अतिशय लहान करून उतरवणे आणि वाचताना भिंगाने मोठे करणे, याच काळात ग्रंथालयांत शिरले. वॉशिंग्टनच्या कृषी खात्याच्या ग्रंथालयात १९३४ साली ‘बिब्लिओफिल्म’ सेवा सुरू झाली. तिथला कॅमेरा कोणा कारखानदाराने नव्हे, तर ड्रेगर नावाच्या नौदलातील एका डॉक्टराने रचलेला होता. चार वर्षांनी यूजीन पॉवर यांनी ॲन आर्बर येथे ‘युनिव्हर्सिटी मायक्रोफिल्म्स’ ही संस्था काढून ब्रिटिश म्युझियममधील जुनी इंग्रजी पुस्तके फिल्मवर उतरवण्याचा व्यवसाय उभा केला.

या साऱ्या खटाटोपामागचा विचार सर्वांत स्पष्टपणे मांडला तो रॉबर्ट बिंकली या इतिहासकाराने. क्लीव्हलंडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात शिकवणाऱ्या बिंकली यांनी १९३६ मध्ये संशोधनसाहित्याच्या प्रती काढण्याच्या पद्धतींवर एक जाडजूड पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात चक्रमुद्रणापासून सूक्ष्मचित्रणापर्यंत प्रत्येक पद्धतीचा दर पानामागचा खर्च काढून दाखवलेला होता. छापखान्याला परवडण्यासाठी एका पुस्तकाच्या हजारो प्रती खपाव्या लागतात. प्रत काढणे पुरेसे स्वस्त झाले तर एकाच वाचकासाठी एकच प्रत काढणेही परवडेल आणि विद्यापीठाबाहेरचा हौशी अभ्यासक विद्याव्यवहारात परत येईल, असे त्यांचे म्हणणे होते. बिंकली १९४० साली, ऐन उमेदीत वारले. त्यांचा अंदाज खरा ठरायला सत्तर वर्षे लागली, कारण फिल्म स्वस्त झाली तरी ती धुणे आणि वाचणे ही कामे यंत्राशिवाय होत नसत, आणि ते यंत्र वाचकाच्या घरी नसे.

संगणक आल्यावर आरंभी कॅमेऱ्याची गरजच भासली नाही. मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ची पहिली पुस्तके हाताने टंकलेली होती. अंधांना छापील मजकूर वाचून दाखवणारे रे कर्झवाइल यांचे यंत्र १९७६ मध्ये आले. त्यात सपाट स्कॅनर आणि अक्षरओळख, म्हणजे चित्रातील अक्षर कोणते हे ओळखून त्याचा टंकलेला मजकूर करण्याचे तंत्र, यांची सांगड प्रथमच घातली गेली होती. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी हे काम एकदम कारखान्याच्या पातळीवर गेले. कार्नेगी मेलन विद्यापीठात राज रेड्डी यांच्या पुढाकाराने ‘मिलियन बुक’ प्रकल्प उभा राहिला आणि त्यातील स्कॅनिंगचे बहुतेक काम भारत व चीनमध्ये झाले. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ने ‘स्क्राइब’ नावाचा, पायाने काच उचलण्याची सोय असलेला दोन कॅमेऱ्यांचा टेबलवजा स्कॅनर घडवला. आणि डिसेंबर २००४ मध्ये गूगलने हार्वर्ड, स्टॅनफर्ड, मिशिगन, ऑक्सफर्ड ही विद्यापीठे व न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालय यांची पुस्तके अंकीकृत करण्याचा बेत जाहीर केला. गूगलची पद्धत बराच काळ गुप्त राहिली. २००९ च्या मार्चमध्ये मंजूर झालेल्या एका पेटंटावरून एवढे कळले, की डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाची नक्षी पानावर टाकून पानाचा बाक मोजायचा आणि नंतर तो गणिताने सरळ करायचा, म्हणजे काचेने पान दाबण्याची गरजच उरत नाही. हुशारीची गोष्ट खरी, पण ती फक्त गूगलच्या कामाची होती.

त्याच वसंत ऋतूत नॉर्थ डकोटा राज्यातील फार्गो येथे डॅनियल रीट्झ या विद्यार्थ्याने आपल्या हातबनावटीच्या स्कॅनरची कृती सत्तरहून अधिक पायऱ्यांत, प्रत्येक पायरीच्या छायाचित्रासह सर्वांसाठी खुली केली. विद्यापीठाच्या पाठ्यपुस्तकांच्या किमती इतक्या होत्या की त्या पैशात बरा डिजिटल कॅमेरा येत असे, आणि कॅमेरा हाती असला तर ग्रंथालयातील पुस्तकही उतरवून घेता येते, हा त्याचा सरळ हिशेब होता. लाकूड आणि ॲक्रिलिक बहुतांशी टाकाऊ सामानातून उचललेले, कॅमेरे कॅनन कंपनीचे स्वस्तातले, आणि एकूण खर्च सुमारे ३०० डॉलर. त्याच काळात असेच काम करणाऱ्या व्यावसायिक यंत्रांच्या किमती पाच आकड्यांत, कधी सहा आकड्यांतही असत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पुस्तकांच्या अंकीकरणाच्या वादात गूगल आणि लेखक-प्रकाशक यांच्यातील प्रस्तावित तडजोडीवर चर्चा करण्यासाठी न्यूयॉर्क लॉ स्कूलमध्ये भरलेल्या परिषदेत वकील, ग्रंथपाल आणि कंपनीचे प्रतिनिधी यांच्याबरोबर रीट्झलाही बोलावणे आले. लाखो पुस्तकांचे भवितव्य दोन पक्षांनी मिळून ठरवायचे की नाही या वादात तिसरा पक्षही आहे, आणि तो सुतारकाम जाणतो, ही नोंद त्या निमित्ताने झाली.

यंत्राची रचना समजून घेतली की त्यामागची युक्ती ध्यानात येते. ज्ञानेश्वरीच्या पारायणात ग्रंथ ज्या घडीच्या लाकडी व्यासपीठावर अर्धवट उघडा ठेवतात, त्याच तऱ्हेची दोन फळ्यांची बैठक हा या स्कॅनरचा पाया होय. फळ्यांमधला कोन ९० ते १०० अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे जुने पुस्तक त्याला सोसेल इतकेच उघडते आणि कणा तडकत नाही. बैठकीच्या वर त्याच कोनात जोडलेल्या दोन काचा असतात. त्या खाली आणल्या की दोन्ही पाने एकाच वेळी सपाट दाबली जातात, आणि प्रत्येक पानासमोर काटकोनात एकेक कॅमेरा असतो: डावा कॅमेरा उजवे पान टिपतो, उजवा डावे. काच उचलायची, पान उलटायचे, काच ठेवायची, कळ दाबायची, एवढ्या चार हालचालींत दोन पाने होतात. सराव झाल्यावर चारशे पानांचे पुस्तक अर्ध्या तासाच्या आत हातावेगळे होते.

कृती इतकी सोपी वाटली, तरी बनवणाऱ्यांचा बहुतेक वेळ लहान अडचणींत गेला. पुस्तक उलटत जाते तशी डावीकडची जाडी वाढते आणि उजवीकडची घटते, म्हणून बैठक एका जागी खिळलेली असेल तर शंभर पानांनंतर काचेची धार कण्याच्या खाचेत बसत नाही. यावर स्वयंपाकघरातील खणांना लावतात तसल्या सरकपट्ट्या बैठकीखाली बसवण्याची तोड निघाली. काचांचा सांधा जाड असेल तर आतल्या समासाची अक्षरे त्याखाली झाकली जातात. ॲक्रिलिक हलके आणि सुरक्षित असते, पण त्यावर ओरखडे उमटतात व ते धूळ ओढून घेते, म्हणून पुढे अनेकांनी वजन पत्करून खरी काच वापरली आणि ते वजन तोलण्यासाठी मागे दोरीला प्रतिभार टांगला. दिव्याची जागा तर प्रकाशाच्या परावर्तनाचा नियम सांगेल तीच: काचेवर ज्या कोनातून प्रकाश पडतो त्याच कोनात तो उलट बाजूला परततो, आणि त्या वाटेवर कॅमेरा असला की पानावर पांढरा डाग येतो. काचांच्या सांध्याच्या बरोबर वर, उंचावर एकच दिवा लावला तर परावर्तित प्रकाश कॅमेऱ्यांना चुकवून निघून जातो. खोलीतले इतर दिवे विझवणे आणि कॅमेऱ्यामागे काळे कापड टांगणे ही पथ्येही त्याच कारणाने आली.

कॅमेऱ्याची ताकद किती लागते याचा हिशेब सोपा आहे. अक्षरओळखीसाठी दर इंचाला ३०० बिंदू पुरतात असे सर्वसाधारणपणे मानतात. मराठी वाचकांच्या परिचयाचे डेमी आकाराचे पान साडेपाच इंच रुंद व साडेआठ इंच उंच असते. म्हणजे १६५० गुणिले २५५०, सुमारे ४२ लाख बिंदू. २००९ मध्ये स्वस्तातला कॅमेराही ८० लाख बिंदू टिपत असे, त्यामुळे कडेने थोडी जागा सोडूनही काम भागत होते. बिंकलींच्या काळात हरवलेला दुवा इथे जोडला गेला, तोही ग्रंथांशी काहीही संबंध नसलेल्या, सहलीचे फोटो काढणाऱ्या ग्राहकांच्या मागणीमुळे.

तथापि लाकूडकाम हा या कथेचा दिसणारा भाग झाला. तिचा न दिसणारा भाग, जो प्रस्तुत विवेचनात अधिक महत्त्वाचा मानला आहे, तो आज्ञावलींचा आहे. दोन कॅमेऱ्यांची कळ एकाच क्षणी दाबण्यासाठी आरंभी काहींनी सायकलच्या ब्रेकची मूठ व तार वापरली. मात्र खरी सोय झाली ती ‘सीएचडीके’ या मुक्त आज्ञावलीमुळे. कॅनन कॅमेऱ्याच्या मूळ आज्ञावलीला धक्का न लावता, केवळ कार्डावरून चालणारी ही जोड हौशी प्रोग्रामरांनी रचली होती. तिच्यामुळे कॅमेऱ्याच्या यूएसबी खाचेत बॅटरीचा सौम्य विद्युतदाब दिला की चित्र निघे, म्हणजे एका साध्या बटणावर दोन्ही कॅमेरे चालत. चित्रे निघाल्यावर सम आणि विषम पानांचे दोन वेगळे ढीग हाती येतात, ते एकाआड एक गुंफावे लागतात, आणि मग सुरू होते ते शुद्धीकरण. जोसेफ आर्त्सिमोविच यांनी लिहिलेल्या ‘स्कॅन टेलर’ या मुक्त आज्ञावलीने या कामाच्या सहा पायऱ्या घालून दिल्या: पान योग्य दिशेला फिरवणे, जोडपाने वेगळी करणे, तिरकेपणा काढणे, मजकुराची चौकट निवडणे, समास सारखे करणे आणि शेवटी पिवळटपणा काढून काळी-पांढरी स्वच्छ प्रतिमा तयार करणे. स्कॅनिंगला अर्धा तास लागलेल्या पुस्तकाच्या शुद्धीकरणाला पुष्कळदा त्याच्या कित्येक पट वेळ लागतो. म्हणूनच असे म्हणता येते, की हातबनावटीचा स्कॅनर सुताराने उभा केला, पण तो टिकवला प्रोग्रामरांनी. ‘स्कॅन टेलर’ नसते तर तयार झालेल्या चित्रांचे ढीग तसेच पडून राहिले असते.

पुढच्या पाच-सहा वर्षांत या रचनेला अनेक फाटे फुटले. रीट्झने स्वतः ‘आर्काइव्हिस्ट’ नावाचा, यंत्राने कापलेल्या भागांतून जुळणारा अधिक काटेकोर नमुना तयार केला. २०१२ मध्ये गूगलमधील अभियंता डॅनी कुमसिये याने कामाच्या मोकळ्या वेळात आणखी वेगळा प्रयोग केला. त्यात उलट्या व्हीसारख्या धातूच्या कण्यावर पुस्तक स्वार होऊन पुढेमागे सरकते आणि व्हॅक्युम क्लीनरची ओढ एकेक पान फटीतून खेचून उलटवते. माणसाचा हात न लागता पान उलटावे हे या क्षेत्रातील जुने स्वप्न त्यात साकार झाले खरे, पण पाने फाटण्याची भीती काही गेली नाही, आणि जीर्ण ग्रंथासाठी माणसाच्या बोटांना पर्याय सापडलेला नाही हेच त्यातून पुन्हा सिद्ध झाले. त्यानंतर स्वस्त सुटे कॅमेरे बाजारातून मागे हटले, फोनच्या कॅमेऱ्यांनी त्यांची जागा घेतली, आणि पानाचा बाक लेसरच्या रेषांनी मोजणारे तयार स्कॅनर चिनी कंपन्यांनी आवाक्यात आणले. आज अनेकांचा घरगुती स्कॅनर म्हणजे उभा खांब, त्यावर फोन आणि पानावर ठेवलेली एक काच इतकाच असतो. १९३० च्या दशकातील लायकाची मांडणी फिरून तिथेच आली आहे.

भारतातील अनुभव वेगळ्या वाटेने गेला. येथे आरंभ झाला तो मोठ्या सरकारी उपक्रमाने. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या ‘मिलियन बुक’ प्रकल्पाच्या भारतीय शाखेचे उद्घाटन ८ सप्टेंबर २००३ रोजी राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाले. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था व हैदराबादची ट्रिपल आयटी यांचा त्यात प्रमुख वाटा होता आणि मिनोल्टा कंपनीचे, वरून चित्र घेणारे स्कॅनर ठिकठिकाणच्या केंद्रांत बसवले गेले. लाखो पुस्तके झाली, त्यांत मराठीही विपुल होती. परंतु कामाचे मोजमाप पानांच्या संख्येवर असल्याने गाळलेली पाने, कापलेले समास, दोनदा आलेली पृष्ठे यांची तपासणी झाली नाही. त्याहून मोठे नुकसान सूचीचे झाले: मराठी ग्रंथनामे रोमन लिपीत, कधी दोन स्वर तर कधी मध्येच अवतरणचिन्ह घालून, अशी काही नोंदवली गेली की ग्रंथ असूनही सापडू नये. पुढे ते संकेतस्थळ बंद झाले, आणि त्यातील ग्रंथ आज वाचता येतात ते मुख्यतः कार्ल मालामूद यांच्या ‘पब्लिक रिसोर्स’ संस्थेने २०१७ च्या सुमारास ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर चढवलेल्या प्रतींमुळे. मराठी संशोधकांवर या संग्रहाचे ऋण मोठे आहे. तरीही ज्याला ग्रंथ वाचता येतो आणि त्याची किंमत कळते अशा माणसाने केलेले काम आणि पानामागे मोबदला मोजून केलेले काम यांतील फरक त्याच्या पानापानांवर दिसतो.

मराठी ग्रंथांच्या बाबतीत हातबनावटीच्या यंत्राला काही विशेष प्रश्नही सोडवावे लागतात. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ च्या सुमारास मुंबईत सुरू केलेल्या शिळाछापाच्या परंपरेतील अनेक ग्रंथ आडव्या, सुट्या पानांच्या पोथीच्या आकारात आहेत. त्यांना व्ही-आकाराची बैठक निरुपयोगी. सपाट फळी आणि वरून एक कॅमेरा पुरतो. उलट विसाव्या शतकातील कित्येक पुस्तके जुजबंदी न करता कडेने टाके घालून शिवलेली आहेत, आणि त्यांचा आतला समास इतका आवळलेला असतो की काचेची धार कितीही बारीक असली तरी ओळीचे शेवटचे अक्षर वाकतेच. कागदाचा प्रश्न सर्वांत बिकट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा आणि तुरटी व राळ यांची खळ दिलेला कागद वापरात आला. तुरटीतून हळूहळू आम्ल तयार होऊन तो कागद स्वतःच स्वतःला खातो, दुमडला की तुटतो. त्यामुळे १८६७ पूर्वीच्या, ग्रंथसूचीकार ज्यांना दोलामुद्रिते म्हणतात, त्या ग्रंथांपैकी चिंध्यांच्या कागदावर छापलेले काही ग्रंथ आज १९२० च्या कादंबऱ्यांपेक्षा धडधाकट दिसतात. अंकीकरणाचा क्रम ठरवताना वयापेक्षा कागद पाहावा, हा धडा त्यातून निघतो. अक्षरओळखीतही देवनागरीची शिरोरेषा शब्दातील सर्व अक्षरे जोडून टाकत असल्याने जुन्या पद्धती अडखळत. ‘टेसरॅक्ट’ ही ह्यूलेट-पॅकार्डमध्ये जन्मलेली आणि २००५ मध्ये मुक्त झालेली आज्ञावली २०१८ च्या आवृत्तीपासून अक्षर तोडण्याऐवजी अख्खी ओळ वाचू लागली, तेव्हा मराठीचा निकाल बराच सुधारला. तरी मुद्रितशोधन माणसालाच करावे लागते, आणि मराठी ‘विकिस्रोत’वर मूळ पानाचे चित्र व टंकित मजकूर शेजारी ठेवून स्वयंसेवक ते करतात. तिथे चित्र तिरके किंवा अर्धवट असेल तर पुढचे सारे श्रम वाया जातात.

कायद्याची चौकट भारतात वाटते तितकी अडसर घालणारी नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काची मुदत लेखकाच्या निधनानंतर ५० वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या ग्रंथांवरील हक्क संपत आला तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीने ती ६० केली गेली. मोजणी निधनाच्या पुढील वर्षाच्या प्रारंभापासून होते, त्यामुळे १९५० मध्ये निवर्तलेल्या साने गुरुजींचे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य २०११ च्या पहिल्या दिवशी सर्वांचे झाले. हक्काधीन पुस्तकांसाठीही २०१२ च्या दुरुस्तीने एक दार उघडले: बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे पुस्तकाची छापील प्रत असेल, तर जतनासाठी त्याची अंकीय प्रत साठवता येते. ती सर्वांना वाटता येत नाही, पण नष्ट होऊ न देण्याचा अधिकार ग्रंथालयाकडे निश्चित आहे.

महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली चालणाऱ्या हजारो शासनमान्य ग्रंथालयांत दरवर्षी जीर्ण पुस्तकांचे निर्लेखन होते, म्हणजे ती दाखलनोंदवहीतून कमी करून बहुधा रद्दीत जातात. अशा यादीत कोणत्या छापखान्याचे अखेरचे पुस्तक किंवा कोणत्या तालुक्याचा एकमेव इतिहास आहे, हे मुंबई-पुण्याच्या मोठ्या संग्रहांना कळण्याची सोय नाही. ते स्थानिक ग्रंथपालालाच ठाऊक असते. तेव्हा निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी १९५० च्या आधीचे प्रत्येक पुस्तक मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत, कोऱ्या पानांसह आणि जाहिरातींसह चित्रित करावे, ग्रंथनाम, लेखक, छापखाना व साल देवनागरीत नोंदवावे, आणि प्रत झाली म्हणून मूळ पुस्तक टाकून देऊ नये, एवढी विनंती ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांना करणे आवश्यक आहे. लागणारे साहित्य गावातल्या सुताराकडे, काचवाल्याकडे आणि कोणत्याही तरुण वाचकाच्या खिशात आहे.